केमोनंतरची फिट आणि तीनशे किलोमीटर

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
तेलंगणा राज्य, हैदराबाद.

विषय: केमोथेरपी घेऊन गावी परतलेल्या रुग्णांना येणाऱ्या फिट्स, आणि आदिलाबाद जिल्ह्यात त्यासाठी करता येण्याजोग्या गोष्टी.

महोदय,


तलमडुगु मंडल राज्याच्या उत्तर टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. शेतात कापूस, तूर, सोयाबीन. घराघरांत मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा. हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ते आपल्याइतकंच माझ्या शेजाऱ्यांनीही वाचावं अशी इच्छा आहे. तेलुगू प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवतो.

आमच्या भागात कुणाला कॅन्सर निघाला की घरात पहिला विचार होतो तो कुठे न्यायचं याचा. सरकारच्या आरोग्यश्री योजनेचं कार्ड घेऊन कुणी हैदराबादला, १९५५ पासून चालत आलेल्या एमएनजे कॅन्सर रुग्णालयात जातं. ते इथून तीनशे किलोमीटर. कुणी नागपूर गाठतं, कुणी सेवाग्राम. तिथे तपासण्या होतात, केमो ठरते, सलाईनमधून औषध जातं, आणि त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत रुग्ण गावी परत येतो. पुढची केमो तीन आठवड्यांनी. म्हणजे औषध दवाखान्यात दिलं जातं आणि त्याचे बरेचसे परिणाम घरात दिसतात. उलट्या होतील, केस जातील, तोंड येईल, ताप आला तर लगेच या, एवढं बहुतेकांना सांगितलेलं असतं. फिट येऊ शकते हे मात्र फार थोड्यांच्या कानावर पडलेलं असतं.

न सांगण्यामागे कारणही आहे. केमो घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना फिट कधीच येत नाही. जे होण्याची शक्यता कमी ते सांगून घाबरवायचं कशाला, असं डॉक्टरांना वाटत असेल. पण ज्या एका घरात ती येते तिथलं चित्र बघा. रात्रीची वेळ. माणूस ताठ होतो, डोळे वर जातात, हातपाय झटकू लागतात, तोंडाला फेस येतो. कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी मुठीत लोखंडी किल्ली कोंबतं, कुणी दातांमध्ये चमचा घालतं. दोन-तीन मिनिटांत झटके आपोआप थांबतात आणि श्रेय किल्लीला मिळतं. मग ओसरीवर निकाल लागतो: कॅन्सर डोक्यात गेला, आता काही उरलं नाही. पुढच्या केमोची तारीख येते आणि जाते. गाडीभाडं वाचवलेलं बरं, असंही कुणीतरी म्हणतं.

महोदय, माझं सगळं म्हणणं या निकालाबद्दल आहे. केमोच्या औषधांमुळे येणाऱ्या फिट्सपैकी बऱ्याच अशा असतात की कारण वेळेत सापडलं तर रुग्ण त्यातून पूर्ण बाहेर येतो आणि कॅन्सरचे उपचारही पुढे चालू राहतात. ती फिट म्हणजे आजाराचा शेवटचा टप्पा, हा समज रुग्णाला फिटपेक्षा जास्त महागात पडतो. आणि हा समज फिट आल्यावर खोडता येत नाही. तो आधीच, पहिल्या केमोच्या दिवशी, खोडावा लागतो.

हे नुसतं धीर देणं नाही, त्यामागे औषधांचा स्वभाव आहे. म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे ल्युकेमियात, मेथोट्रेक्सेट हे औषध पाठीतून, मणक्याच्या पोकळीत देतात, कारण शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. त्यानंतर काही मुलांमध्ये अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, बोलणं बंद होतं, फिट येते. लकवाच झाला असं वाटतं. हे साधारणपणे इंजेक्शननंतर दोन दिवस ते दोन आठवडे या काळात घडतं. म्हणजे नेमकं मूल तलमडुगुला परतल्यावर. बहुतेक मुलं काही दिवसांत सावरतात आणि अनेकांना तेच औषध पुन्हा देताही येतं. पण हे ज्या आईला कुणी सांगितलेलं नाही, ती पुन्हा हैदराबादची वाट कशाला धरेल?

व्हिनक्रिस्टीनची तऱ्हा वेगळी. हे औषध शरीराला पाणी धरून ठेवायला लावू शकतं. रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावं लागतं. १२० च्या खाली घसरलं की फिटचा धोका फार वाढतो. सायक्लोफॉस्फामाइडही कधी कधी असंच करतं. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावाटे मॅग्नेशियम वाहून नेतं. मॅग्नेशियम उतरलं की कॅल्शियमही उतरतं, आणि मेंदू चिडतो. यात आमच्याकडचा मे महिना मिळवा. उलट्या-जुलाबांनी अंगातले क्षार गेलेले आणि घरचे प्रेमाने तांब्यावर तांब्या साधं पाणी पाजताहेत. सिस्प्लॅटिनच्या रुग्णाला भरपूर पाणी प्या असं सांगितलेलं असतं, आणि व्हिनक्रिस्टीनमुळे सोडियम उतरलेल्या रुग्णाला तेच पाणी घातक ठरू शकतं. कुणाला पाणी द्यायचं, कुणाला आवरायचं, हे अंदाजाने ठरत नाही. रक्ताच्या एका साध्या तपासणीने ठरतं.

आयफॉस्फामाइड शरीरात मोडताना एक विषारी पदार्थ तयार होतो, तो मेंदूला गुंगवतो. रुग्ण आधी पेंगतो, मग असंबद्ध बोलतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, आणि काहींना फिट येते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर धोका वाढतो. अल्ब्युमिन कमी म्हणजे बहुधा आजाराने खंगलेला, पोटभर न खाल्लेला माणूस. आमच्याकडून जाणारे किती रुग्ण असे असतात हे आपल्या डॉक्टरांना विचारा. औषध थांबवल्यावर बहुतेक जण काही दिवसांत शुद्धीवर येतात, आणि मिथिलीन ब्लू हे जुनं, निळ्या रंगाचं औषधही वापरलं जातं. घरात मात्र असं बरळणं सुरू झालं की बाहेरची बाधा झाली म्हणून भगताला बोलावणं जातं.

अ‍ॅस्पराजिनेजमुळे मेंदूतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. आधी न थांबणारी डोकेदुखी आणि उलट्या, नंतर फिट. आणखी एक प्रकार आहे, ज्याचं वर्णन १९९६ मध्ये प्रथम नीट मांडलं गेलं आणि ज्याला डॉक्टर प्रेस म्हणतात. रक्तदाब एकाएकी वाढतो, मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते, डोकं ठणकतं, नजर धूसर होते, फिट येते. रक्तदाब वेळेत उतरवला आणि कारण ठरलेलं औषध थांबवलं, तर सूज बहुधा ओसरते. रक्तदाब मोजायचं यंत्र तर उपकेंद्रातल्या ताईंकडेही असतं. मोजायचं कुणाचा आणि कधी, एवढंच त्यांना सांगितलेलं नसतं.

काही ठिकाणी ही काळजी आधीच घेतली जाते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वी बुसल्फान हे औषध मोठ्या मात्रेत देतात. ते थेट मेंदूत शिरतं हे माहीत असल्यामुळे फिट येऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध त्याच्या आधीपासून सुरू केलं जातं. म्हणजे जिथे रुग्ण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असतो तिथे फिटचा विचार आधी होतो, आणि जिथे तो तीनशे किलोमीटर दूर जातो तिथे तो विचार दाराशीच राहतो. व्हायला हवं नेमकं याच्या उलट.

यातलं काहीही औषधांच्या विरोधात लिहिलेलं नाही, हे स्पष्ट करतो. मेथोट्रेक्सेट ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव भीमावरमच्या तेलुगू घरात जन्मलेले. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत त्यांच्या गटाने बनवलेलं अमिनोप्टेरिन वापरून बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांचा आजार काही काळ मागे हटवला आणि १९४८ मध्ये ते जगापुढे मांडलं. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातलं. व्हिनक्रिस्टीन सदाफुलीतून निघतं, जी आमच्या अंगणांत बारा महिने फुललेली असते. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या टाटा मेमोरियलसह देशातल्या मोजक्या केंद्रांनी एमसीपी-८४१ ही उपचारपद्धत मुलांच्या ल्युकेमियासाठी वापरायला सुरुवात केली. तिच्यात व्हिनक्रिस्टीन, अ‍ॅस्पराजिनेज आणि पाठीतून मेथोट्रेक्सेट ही तिन्ही होती, आणि तिने जगणाऱ्या मुलांचं प्रमाण खूप वाढवलं. आजही ज्यांच्यामुळे मुलं शाळेत परत येतात ती हीच औषधं. म्हणूनच एका फिटच्या भीतीने ती सुटता कामा नयेत.

आता दोन गोष्टी, ज्या मोठ्या रुग्णालयातून दिसत नाहीत आणि गावातून दिसतात.

पहिली गोष्ट: केमोचा रुग्ण घरी आला की त्याचे बाकीचे उपचार आर.एम.पी., म्हणजे गावातला पदवी नसलेला डॉक्टर, करतो. नायटा आमच्याकडे घरोघरी. त्यावर इट्राकोनाझोलच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, मेडिकलमधून चिठ्ठीशिवायही मिळतात. ही गोळी व्हिनक्रिस्टीनला शरीरात मोडू देत नाही. औषध साठत जातं आणि मज्जातंतूंवर तुटून पडतं, सोडियम घसरतं, फिट येऊ शकते. दुखण्यासाठी दिलेलं ट्रॅमाडोल आणि जुलाबावर दिलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन हीसुद्धा फिट येणं सोपं करणारी औषधं. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. समोरच्या माणसाच्या अंगात कोणतं औषध आहे हे त्याला ठाऊक नसतं, कारण रुग्णाजवळचा कागद इंग्रजीत आहे आणि तो ट्रंकेत ठेवलेला आहे.

दुसरी गोष्ट: फिट आल्यावर जवळच्या दवाखान्यात मिळतं ते बहुधा फेनिटॉइन. जुनं, स्वस्त, फिट थांबवणारं औषध. तातडीच्या वेळी ते दिलं म्हणून दोष देता येणार नाही. पण ते महिनोन्‌महिने चालू राहिलं तर यकृताला केमोची औषधं लवकर मोडायला शिकवतं, आणि केमोचा जोर कमी पडतो. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या संशोधकांनी २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं होतं की ल्युकेमियाच्या ज्या मुलांना केमोसोबत या जातीची फिटची औषधं दीर्घकाळ चालू होती, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. लेव्हेटिरासिटॅमसारखं औषध सहसा केमोच्या वाटेत येत नाही, आणि ते आज सहज मिळतं. पण हा फरक करायला डॉक्टरला आधी कळायला हवं की रुग्ण केमोवर आहे. पुन्हा तोच ट्रंकेतला कागद.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे केअर केंद्रं उभारण्याचं जाहीर केलं आहे. केमो जिल्ह्याच्या गावात मिळणं ही आमच्यासाठी फार मोठी सोय. पण डे केअर म्हणजे सकाळी सलाईन आणि संध्याकाळी घर. औषध जितकं गावाजवळ येईल तितकी त्याच्या परिणामांची जबाबदारी घरच्यांवर जास्त पडेल. म्हणून मागण्या आत्ताच मांडतो. त्यांपैकी एकीलाही नवी इमारत लागत नाही.

पहिली मागणी एका कागदाची. केमो घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला घरी जाताना एक पान द्या: तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दूपैकी त्याला वाचता येईल त्या भाषेत. वाचता येत नसेल तर चित्रांत. त्यावर औषधांची नावं, दिल्याची तारीख, कोणती गोळी टाळायची ते, आणि धोक्याच्या खुणा: न थांबणारी डोकेदुखी, नजर धूसर होणं, गुंगी, असंबद्ध बोलणं, एका बाजूची कमजोरी. आणि ठळक अक्षरांत एक वाक्य: फिट आली तरी उपचार संपले असं समजू नका, दवाखान्यात या. हा कागद ट्रंकेत ठेवायचा नाही, भिंतीवर लावायचा, हेही देताना सांगा.

त्याच पानाच्या मागे प्रथमोपचार. फिट आलेल्याला कुशीवर वळवा. आजूबाजूची दगड-विटा, भांडी बाजूला करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. चप्पल-कांद्याने काही होत नाही. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी आली, तर ती जिवावरची वेळ आहे. १०८ ला फोन करा. आणि केमोच्या रुग्णाची फिट मिनिटभरात थांबली तरी त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण ती का आली हे शोधायलाच हवं. कधी कधी कॅन्सर खरोखरच मेंदूत पसरलेला असतो, कधी संसर्ग असतो, कधी साखर उतरलेली असते. ओसरीवर बसून यातलं काहीच ठरवता येत नाही.

दुसरी मागणी औषधाची. मिडाझोलॅमचा नाकात मारायचा फवारा भारतात मिळतो. शीर शोधावी लागत नाही, सुई लागत नाही. तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि १०८ च्या गाडीत असावा. ज्यांना धोका जास्त आहे अशा रुग्णांच्या घरीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, वजनानुसार मात्रा लिहून आणि वापर दाखवून द्यावा. आशा ताईंना त्याचं प्रशिक्षण द्यावं. लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत सगळं त्यांच्याकडून करून घेतो, तर एका फवाऱ्यासाठी त्या कमी पडतील असं मला वाटत नाही.

तिसरी मागणी तपासणीची. केमोचा रुग्ण फिट येऊन आदिलाबादच्या रिम्समध्ये आला तर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, साखर, क्रिएटिनिन आणि रक्तदाब या गोष्टी त्याच तासात बघितल्या जाव्यात, आणि डोक्याचं स्कॅन त्याच दिवशी व्हावं. रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याच्या गावात २००८ पासून आहे. रात्री दोन वाजताही हे होईल असा लेखी नियम असावा.

चौथी मागणी फोनची. रिम्सच्या रात्रपाळीच्या डॉक्टरला हैदराबादच्या कॅन्सरतज्ज्ञाशी पाच मिनिटं बोलता यावं, असा एक क्रमांक चोवीस तास चालू हवा. पुढची केमो कधी, कोणतं औषध बदलायचं, फिटचं औषध किती दिवस, हे त्या पाच मिनिटांत ठरतं. आणि आमचे रुग्ण नागपूर-सेवाग्रामलाही जातात, तेव्हा महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याशीही बोलून घ्या. रुग्ण पैनगंगा ओलांडून परत आला तरी त्याचा कागद दोन्हीकडे चालायला हवा.

खर्चाचा हिशेब आपले अधिकारी माझ्यापेक्षा चांगला करतील. मला एवढंच दिसतं की आरोग्यश्रीतून सरकार एकेका रुग्णाच्या केमोवर मोठी रक्कम खर्च करतं. तो रुग्ण तिसऱ्या केमोनंतर एका फिटला घाबरून घरी बसला, तर आधीचे सगळे पैसे, आधीचा सगळा त्रास आणि त्याचा वाचण्याचा संभव हे तिन्ही वाया जातात. एक छापील पान आणि एक फवारा त्या मानाने काहीच नाही.

आपण उद्या आदिलाबादला कॅन्सर केंद्राच्या पाहणीसाठी आलात तर खाटा किती, खुर्च्या किती हे अधिकारी दाखवतीलच. आपण त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: आज केमो घेऊन तलमडुगुला निघालेल्या माणसाच्या हातात तुम्ही कोणता कागद दिलात? तो मागून घ्या आणि तिथेच एखाद्या रुग्णाच्या बायकोला वाचायला द्या. तिला तो समजला नाही, तर केंद्राचं काम थांबवू नका. पण त्याच आठवड्यात कागद बदला, आणि बदललेला कागद मंडलातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात पोचवा. या पत्राचं उत्तर मी त्या कागदाच्या रूपात मागतो आहे.

आपला,
तलमडुगु मंडलातील एक नागरिक